पेटीवरची तारीख

—नाही हो देवेशभाऊ, एसी बंदच राहू द्या, मला काही होत नाही. आत अजून तासभर तरी लागेल म्हणाला ना तो कार्गोच्या गेटवरचा माणूस? मग उगाच डिझेल कशाला जाळायचं. मी दार असं अर्धं उघडं ठेवते, वारा येतो जरा. जोरात ओढल्याशिवाय बसत नाही म्हणालात ना हे दार? बरं, लक्षात ठेवते. नाव बरोबर घेतलं ना तुमचं? त्या आरशापाशी चिकटवलंय, चालक देवेश म्हणून, त्यावरून म्हटलं. मला सवयच आहे — पाट्या वाचायच्या, लग्नपत्रिका वाचायच्या, कुरिअर आलं की पाकीट कुणाच्या नावाचं आहे ते बघायचं. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, सोसायटीनं वॉचमन कशाला ठेवलाय, ही आहे की. आता हेही नाहीत आणि वॉचमनही नाही, मी तेवढी आहे.

मी घरची नाही हो. सगळ्यांना तसंच वाटतं. मी शेजारीण, सुलक्षणा. आत गेल्यात त्या माई घाडीगावकर, त्यांचा मुलगा आणायला आलोय आपण, आणि त्यांच्याबरोबर गेलाय तो माझा मुलगा मुकुल. कांदिवलीला, चारकोपला, आमची भिंतीला भिंत आहे, सत्तावीस वर्षं. म्हणजे इतकी भिंतीला भिंत की माईंनी फोडणी दिली तर शिंक मला येते. माईंचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी फार दिवस काढले नाहीत. मग माईंनी घरगुती डबे करून दोन पोरं वाढवली, हा सुयोग आणि त्याच्या पाठची अपूर्वा. सुयोग नऊ वर्षं मस्कतला. एसी दुरुस्त करायचा — मोठमोठ्या इमारतींचे, गच्चीवर जाऊन. चौतिसावं सरत होतं त्याचं. लग्न नव्हतं केलं. आधी अपूर्वाचं, मग माझं, म्हणायचा.

ते बघा, आंब्याच्या पेट्या चालल्यात आत. आपला हापूस. ह्याच दरवाज्यानं जातो ना सगळा तिकडं? ह्याच विमानांतनं? बघा म्हणजे. — नको, पाणी आहे माझ्याकडं.

मला एक विचारायचं होतं. तुम्ही नेहमी येता इथं, तुम्हाला माहीत असणार. पेटीवर कागद लावलेला असतो ना, प्लास्टिकमध्ये घालून? त्यावर काय काय असतं? नाव, बरोबर. पासपोर्टचा नंबर. आणि — तारीख? गेल्याची तारीख असते का? — सगळ्यांवर नसते. पण मस्कतवरनं आलेल्यांवर तुम्ही बघितलीय. आकड्यातच असणार, इंग्रजी. — मग तो काढला तर चालतो का? इथून निघाल्यावर, वाटेत? सिग्नलला थांबलो की मी हळूच — असं. — स्मशानातला माणूस कागदाशी नाव ताडून बघतो? मग नाही काढता येणार. नाही नाही, तुम्हाला कशाला अडचणीत घालू. म्हणूनच हा हार आणलाय मी, बघितलात? पाच फुटी. फुलवाला म्हणाला, एवढा मोठा कशाला, पुढाऱ्याला घालायचाय का. तो मी बरोबर त्या कागदावर टाकते. घरी पोचलो की पेटी उघडतील, झाकण बाजूला ठेवतील, मग तिकडं कोण बघतंय. तुम्ही फक्त एवढंच करा, माई गाडीत चढायच्या आधी मला एक मिनिट द्या पेटीपाशी.

का म्हणजे? आता बघा, तुम्ही परके, तुम्हाला सांगायला हरकत नाही. माई तारीख धरून बसल्यात पंधरा मे. सुयोग पंधराच्या रात्री झोपेत गेला, असं त्यांना माहीत आहे. आणि कागदावर आहे अकरा.

अकराला सकाळी मला फोन आला. मलाच — माईंना नाही, अपूर्वाला नाही. कारण नऊ वर्षांपूर्वी सुयोग मस्कतला गेला तेव्हा कंपनीच्या फॉर्मवर घरचा नंबर म्हणून माझा लिहिला होता. माईंकडं फोनच नव्हता ना तेव्हा. नंतर आला, पण फॉर्म कोण बदलतंय. तर त्याच्या खोलीत राहणारा विशाल म्हणून आहे, नाशिककडचा, त्याचा फोन. काकू, सुयोग गेला. हार्ट. पहाटे, हॉस्पिटलात. मी कपडे वाळत घालत होते, हातात माझ्या परकराची नाडी होती, ती मी कितीतरी वेळ गुंडाळत राहिले.

आणि भिंतीपलीकडं माई गात होत्या हो. अपूर्वाचं लग्न चौदाला. रुखवताचे लाडू वळत होत्या आणि गात होत्या. मी चप्पल घातली, दोन पावलं गेले त्यांच्या दारापर्यंत. दाराला तोरण. परत आले. मुकुल ऑफिसला गेलेला. मग मी खुर्चीवर बसून हिशेब घातला — पैशाचा नाही, दिवसांचा. आज अकरा. लग्न चौदा. आज सांगितलं की घरात सुतक, दहा दिवस. लग्न गेलं. चौदा गेली तर सतरापासून अधिक महिना, त्यात लग्न नाही. मग पाऊस, मग चातुर्मास, थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. आणि अपूर्वाचं आधी दोनदा मोडलेलं, एक तर साखरपुडा होऊन. सत्तावीस वर्षांची आहे. पत्रिकेत मंगळ. तिसऱ्यांदा अडलं असतं तर त्या मुलुंडच्या लोकांनी नारळ परत पाठवला असता. मला माहीत आहे ना ते लोक — मीच आणलेलं स्थळ ते. प्रीतम माझ्या मावसबहिणीचा मुलगा.

हो, म्हणजे तेही होतंच. नाही कशाला म्हणू.

तर आमच्या भटजींनी एकदा सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं — सुतक कानावर पडल्यापासून. ज्याला कळलं नाही त्याला लागत नाही. आणि देवक बसल्यावर कळलं तरी लग्नाला बाध येत नाही. पण देवक बसायचं होतं तेराला, आणि फोन आला अकराला. म्हटलं, ऐकलंय कोणी? मी. आणि मी कोण? मी शेजारीण. मी घरची नाही, माझ्या ऐकण्यानं कुणाला सुतक लागत नाही. म्हणजे ते माझ्यापाशी राहिलं तोवर कुठंच नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं वाटलं. मी विशालला सांगितलं, दोन दिवस थांब. तो म्हणाला, काकू, कंपनीला घरच्यांचं सहीचं पत्र लागतं, आईची सही, त्याशिवाय पुढचा एकही कागद हलत नाही, तोवर तो तिथं शवागाराच्या खणात पडून राहणार. खणात म्हणाला. म्हटलं, दोनच दिवस.

मग तेराला देवक बसलं. आता सांगता येत होतं. माईंच्या अंगावर नवीन साडी, डोक्यात मुंडावळ्यांची खरेदी, मामा मंडळी आलेली. कोणाच्या तोंडून निघेल सांगा. म्हटलं, उद्या एकदा अक्षता पडू देत.

फोन? करत होत्या की सारख्या. अपूर्वा मेसेज टाकायची, एकच टिक. मी म्हटलं, अगं वाळवंटातल्या साइटवर पाठवलाय त्याला, रेंज नाही, तुला माहीत नाही का कंपन्या कशा असतात. सुट्टी मिळाली नाही म्हणून तो येणार नव्हताच, पण मंगलाष्टकांच्या वेळेला व्हिडिओवर येणार होता. त्यासाठी मुकुलनं हॉलमध्ये टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, स्टँडमध्ये. मुकुलला तेव्हा माहीत नव्हतं. भटजी घाई करतायत, मुहूर्ताची घटका आली, आणि माई अंतरपाटाकडं न बघता त्या फोनकडं बघतायत. काळा फोन. मला ते बघवेना. मी जवळ गेले आणि कानात म्हटलं, माई, मघाशी माझ्या फोनवर आला होता त्याचा, दोन मिनिटं रेंज मिळाली त्याला. म्हणाला, आईला सांगा रडायचं नाही. माझ्या वाटणीच्या अक्षता तिलाच टाकायला सांगा.

कुठून सुचलं मला, देव जाणे. मी सातवी शिकलेली बाई. आणि माईंनी काय केलं माहीत आहे? दोन मुठी भरल्या. उजव्या हातानं आपल्या टाकायच्या, डाव्या हातानं त्याच्या. प्रत्येक शुभमंगलला, दोन्ही हातांनी. हसत होत्या. फोटोत आहे ते. मी मागं उभी होते आणि मला कळत होतं की ह्या कोणाच्या हातच्या अक्षता त्या पोरीच्या डोक्यावर पडतायत.

कानपिळीला भाऊ नाही म्हणून मुकुलनं प्रीतमचा कान पिळला. त्याला पँट-शर्टाचं कापड मिळालं. माईंनी ते तिथल्या तिथं त्याच्या हातनं काढून घेतलं — हे सुयोगाचं आहे, तो आला की शिवील. ते शर्टाचं कापड त्यांनी गेल्या आठवड्यात शिंप्याकडं दिलं. जुन्या मापानं. ह्या पिशवीत आहे बघा, माझ्याकडं दिलीय सांभाळायला, इस्त्री मोडू नये म्हणून. घरी पेटी उघडली की त्याला तो घालायचाय. आकाशी रंग. बटणं लावून ठेवलीत त्यांनी सगळी, वरचं सोडून.

मग? मग पंधराला पोरगी माहेरी-सासरी, सोळाला मुलुंडला सत्यनारायण. तो होऊ दे म्हटलं. विशालचा रोज फोन. शेवटी तो काय बोलला सांगू? म्हणाला, काकू, इथं शेजारच्या खणातला केरळचा माणूस परवा आला आणि आज घरी गेला. आमच्या सुयोगला कोणी नाही का? मी फोन ठेवला आणि मुकुलला सगळं सांगितलं. मुकुल भिंतीकडं बघत बसला. मग म्हणाला, आई, आता पंधराच सांगावं लागेल, नाही तर ते अक्षतांचं काय करशील. तेवढंच बोलला तो, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलतो ते जेवायला वाढ, दार लाव, एवढंच. पण पत्र त्यानंच लिहिलं. इंग्रजीत. माईंनी दाखवलं तिथं सही केली. तारखेवर मी हात ठेवला होता, कागद उडू नये म्हणून.

त्यांना इंग्रजी येत नाही हो. पण आकडे येतात, हीच तर पंचाईत. बसचे नंबर, गॅसचा नंबर, सुयोगचा मस्कतचा सगळा लांबलचक नंबर पाठ. बोट ठेवून ठेवून वाचतात, एकेक.

नाही, मला माझं काही वाटत नाही. मला काय करणार आहेत, फार तर तोडून बोलतील. भीती आहे ती अपूर्वाची. माझी ती मावसबहीण आताच बोलायला लागलीय, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मेला, पायगुण म्हणायचा का काय. तिला जर कळलं की आधीच गेला होता, भाऊ खणात असताना ही बोहल्यावर उभी होती — जन्मभर ऐकवतील त्या पोरीला. आणि माई. माईंकडं आता तेवढं एकच आहे. येईल त्याला तेच सांगतात. परवा दूधवाल्याला सांगत होत्या — माझो झील जाताना काय बोललो म्हायत आसा? रडायचा नाय, माज्या वाटणीच्यो अक्षता तूच टाक. दूधवाला भय्या, त्याला काय कळणार मालवणी, पण त्यानंही डोळे पुसले. मी भिंतीपलीकडं ऐकत होते. रोज ऐकते. भिंत एवढीशी.

शेवटचं बोलणं म्हणून धरून ठेवलंय त्यांनी. आणि ते त्याचं नाहीच.

त्याचं होतं ते वेगळंच.

— नाही, काही नाही. असंच.

दहाला हो. आदल्या दिवशी. रविवार होता, माझ्याकडं केळवण होतं अपूर्वाचं आणि माईंचं. मी पाट मांडले होते, रांगोळी काढली होती, वालाचं बिरडं, मालपुवे, कोळंबी नाही कारण माईंचा रविवार असतो. माई पहिल्यांदा माझ्याकडं अशा बसून जेवत होत्या, नाही तर कायम उभ्या उभ्या, डब्यांची घाई. आणि माझा फोन वाजला. सुयोग. मला म्हणाला, काकू, आईचा फोन लागत नाही, आई आहे का तिथं? म्हटलं, आहे की, केळवण चाललंय, तू काय खाल्लंस? म्हणाला, छातीत जळजळतंय सकाळपासून, विशालनं हॉस्पिटलात आणून बसवलंय, ॲसिडिटी असेल. म्हटलं, थंड दूध पी. म्हणाला, आईला द्या ना जरा.

आईला द्या ना जरा. हे बोलला तो. दुसरं काही नाही.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, अरे, पानावर बसलीय, पहिला मालपुवा वाढलाय, भरल्या पानावरून उठवू का तिला? जेवून झालं की लावते मी. तो म्हणाला, नको नको, जेवू दे तिला. आवाज बारीक होता थोडा. मला वाटलं रेंज. मग मी तूप वाढलं, मग आग्रह झाला, मग अपूर्वाची ओटी भरली, उखाणा झाला, हसाहशी — आणि मी विसरले. चार पावलांवर होत्या हो माई. फोन माझ्या हातात, त्या चार पावलांवर. त्यांनी वर बघून विचारलंसुद्धा, कुणाचो गो फोन, सुलू? मी म्हटलं, कंपनीवाल्यांचा. बॅलन्स संपला म्हणून.

का खोटं बोलले तेव्हा? तेव्हा तर काहीच झालं नव्हतं. नुसतं पान मोडू नये म्हणून. माझ्या घरचं केळवण नीट व्हावं म्हणून.

हे मुकुललाही माहीत नाही. तुम्हीही विसरा, भाऊ. हे असं बोलून — तुम्ही माझ्याकडं बघू नका असं. उन्हानं पाणी येतंय डोळ्यांत, बाकी काही नाही.

ते बघा, मुकुलनं हात केला. आले. चला, घ्या गाडी मागं. थांबा, मी उतरते आधी, हार घेऊ दे. हळू रे बाबांनो, ढकलू नका तसं, माणूस आहे तो. डोकं कुठल्या बाजूला? — कागद इकडं. हां. हार असा. अजून थोडा खाली. दिसत नाही ना, भाऊ? झालं तर मग.

माई, तुम्ही पुढं बसा, ऊन लागतंय, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी — हात कशाला लावताय, हार सरकेल. माई. असू दे ना तो. फुलं गळतायत बघा. मुकुल, धर रे त्यांना. अरे उभा काय, धर ना.

बोट ठेवलं त्यांनी.

एक. एक.

माई, मी सांगणारच होते, अपूर्वाच्या मांडवपरतणीनंतर मी —

काय म्हणाल्या? मला नीट ऐकू नाही — मुकुल, काय म्हणाल्या त्या?

गाडयेत सुतकातलीच माणसां बसतली.

हो. बरोबर आहे. मी — मी येते रिक्षानं, मिळतात इथं. ही पिशवी तेवढी घ्या, भाऊ, शर्ट आहे त्यात, उभी धरा. आणि दार ओढून घ्या. जोरात ओढा.